शेवटचे दहा मीटर: घरच्यांबरोबर जिओकॅशिंग

लपवलेला डबा शोधायला पहिल्यांदा निघालो तेव्हा आम्ही सातजण होतो. फोन माझ्या हातात, दिशा दाखवणारा बाण माझ्या पडद्यावर आणि बाकीचे सहाजण वरातीसारखे माझ्या मागे. ठिकाणाशी पोचल्यावर फोनकडे बघत मी अर्धा तास एकाच झाडाला प्रदक्षिणा घालत होते. भाच्यांनी तोवर एकमेकांवर वाळकी पानं उधळायला सुरुवात केली होती. शेवटी दगडावर टेकलेली आई म्हणाली, "अगं, त्या पलीकडच्या खोडापाशी काटक्या बघ. आपोआप पडलेल्या काटक्या अशा एका रांगेत असतात होय?" डबा त्या काटक्यांखालीच होता.

त्या दिवसानंतर आमच्याकडे एक पद्धत पडली. ठिकाण दहा मीटरवर आलं की फोन खिशात जातो. हा छंद एकट्याने वेगळ्या तऱ्हेने करता येतो, पण चार माणसं बरोबर असतील तर सगळी गंमत त्या शेवटच्या दहा मीटरमध्ये आहे. पुढे जे सांगणार आहे ते बरचसं त्या दहा मीटरपर्यंत सगळ्यांना ताजंतवानं कसं पोचवायचं, याबद्दल आहे.

हे आहे तरी काय

कुणीतरी एक डबा लपवतं, त्या जागेचे अक्षांश-रेखांश जाहीर करतं आणि बाकीच्यांनी तो शोधायचा. आत एक छोटी वही असते, तिच्यात नाव आणि तारीख लिहायची, डबा होता तसा ठेवायचा आणि निघायचं. या डब्याला 'कॅश' म्हणतात. लपवून ठेवलेला साठा असा त्याचा अर्थ, पण मराठीत तो शब्द थेट नोटांकडे जातो. 'कॅश शोधायला चाललोय' असं फोनवर मोठ्याने बोललात तर आजूबाजूचे कान टवकारणारच. म्हणून या लेखात मी सरळ 'डबा' म्हणते.

हा खेळ सुरू झाल्याची तारीख जवळजवळ नेमकी सांगता येते. अमेरिकेच्या जीपीएस उपग्रहांचा नागरी संदेश लष्करी कारणासाठी मुद्दाम बिघडवलेला असायचा, त्यामुळे साध्या यंत्राची जागा शंभरेक मीटरने चुकू शकायची. मे २००० च्या सुरुवातीला ही अडवणूक उठली आणि एका रात्रीत यंत्रं कितीतरी नेमकी झाली. ३ मे रोजी डेव्ह उल्मर यांनी ऑरेगन राज्यात पोर्टलंडजवळ एक बादली ठेवली आणि तिचे आकडे इंटरनेटवर टाकले. आत थोड्या वस्तू, एक वही, एक पेन्सिल. नियम एवढाच की काही घ्या, काही ठेवा. त्याच महिन्यात 'जिओकॅशिंग' हा शब्द रूढ झाला. २ सप्टेंबर २००० रोजी जेरेमी आयरिश यांनी जिओकॅशिंग डॉट कॉम सुरू केलं, तेव्हा तिथे ७५ डबे नोंदलेले होते. आज जगभरातली संख्या तीस लाखांच्या आसपास आहे आणि अंटार्क्टिकाही त्यातून सुटलेला नाही.

निघण्याआधी नोंद नीट वाचा

जिओकॅशिंगचं अधिकृत ॲप फोनवर घ्या, किंवा अँड्रॉइडवर सी-जिओ हे फुकट ॲप. खातं फुकट उघडता येतं. काही डबे फक्त पैसे भरणाऱ्या सदस्यांना दिसतात, पण पहिल्या काही महिन्यांत त्यावाचून अडत नाही. छंद घरात रुळला तर मग बघा.

नकाशावर दिसलेला पहिला ठिपका पकडून निघू नका. पहिली फेरी फसली तर दुसऱ्यांदा घरातली माणसं उठत नाहीत, हे अनुभवाने सांगते. प्रत्येक डब्याच्या नोंदीत, म्हणजे ॲपमधल्या त्याच्या माहितीत, दोन आकडे दिलेले असतात, दोन्ही १ ते ५ मध्ये, अर्ध्या-अर्ध्याने वाढणारे. एक शोधायला किती अवघड ते सांगतो, दुसरा तिथवर जायला वाट किती अवघड ते. वाट १ म्हणजे चाकाच्या खुर्चीवरूनही जाता येईल अशी. वाट ५ म्हणजे दोर, होडी किंवा तसलं काही साधन लागणार. सुरुवातीला दोन्ही आकडे दीडच्या आत ठेवा.

त्याहून महत्त्वाचा आकार. 'मायक्रो' म्हणजे १०० मिलिलिटरपेक्षा लहान, आणि त्यातलेही काही नखाएवढे, चुंबकाने चिकटवलेले. 'स्मॉल' १०० मिलिलिटर ते १ लिटर. 'रेग्युलर' १ ते २० लिटर आणि त्यापुढे 'लार्ज'. मुलं बरोबर असतील तर स्मॉल किंवा रेग्युलरच निवडा. मायक्रोमध्ये कागदाच्या सुरळीशिवाय काही मावत नाही. तासभर शोधून हाती कागदाची गुंडाळी आली की सात वर्षांच्या मुलाचा चेहरा बघवत नाही.

मग खाली याआधी येऊन गेलेल्यांचे शेरे असतात, ते वाचा. शेवटचे तीन-चार शेरे 'सापडला नाही' असे असतील तर डबा बहुधा जागेवर नाही, पुढे चला. गेल्या महिनाभरात कुणाला तरी सापडला असेल तर बिनधास्त निघा. प्रकारही पाहून घ्या. 'ट्रॅडिशनल' म्हणजे दिलेल्या जागीच डबा. 'मल्टी'मध्ये एका जागेवरून दुसऱ्या जागेचा धागा मिळतो. 'मिस्टरी'मध्ये आधी कोडं सोडवायचं, तेव्हा कुठे खरे आकडे हाती येतात. 'अर्थकॅश'मध्ये डबाच नसतो. एखादा खडक, झरा किंवा दरड नीट पाहून प्रश्नांची उत्तरं तो अर्थकॅश मांडणाऱ्याला पाठवायची असतात. घरात दगडधोंड्यांत रमणारं कुणी असेल तर हा प्रकार त्याच्यासाठीच आहे.

आकड्यांतली एक चूक जवळजवळ प्रत्येकजण एकदा करतो

जिओकॅशिंगमध्ये जागा सहसा अंश आणि दशांशातली मिनिटं अशा पद्धतीने लिहितात. उदाहरणार्थ ४० अंश ३०.००० मिनिटं. बरेच नकाशे मात्र नुसते दशांशातले अंश मागतात. घाईत कुणी ४०.३० असं टाकलं की संपलं. एका अंशात ६० मिनिटं, म्हणून ३० मिनिटं म्हणजे अर्धा अंश, आणि बरोबर आकडा आहे ४०.५०. फरक ०.२ अंशाचा दिसतो, पण उत्तर-दक्षिण दिशेत तो सुमारे २२ किलोमीटर होतो. ॲपमधूनच वाट काढली तर हा प्रश्न येत नाही. कोड्यातून निघालेले किंवा मित्राने निरोपातून पाठवलेले आकडे हाताने टाकताना येतो.

आणखी एक हिशोब डोक्यात ठेवण्यासारखा आहे. अक्षांशाचं एक मिनिट सुमारे १,८५२ मीटरचं असतं, म्हणजे शेवटचं तिसरं दशांश स्थळ १.८५ मीटर दाखवतं. आकडे एवढे बारीक असतात म्हणून आपण त्यांच्यावर डोळे मिटून विश्वास ठेवतो. खरं तर मोकळ्या आकाशाखालीही फोन साधारण पाच मीटर इकडेतिकडे असतो. डबा ठेवणाऱ्याचं यंत्रही तेवढंच चुकलेलं असू शकतं. दोन्ही चुका एकाच बाजूला गेल्या तर दहा मीटर. दहा मीटर त्रिज्येचं वर्तुळ ३१४ चौरस मीटरचं भरतं, म्हणजे तीन-चार मोठ्या घरांएवढी जागा. फोन एवढ्या जागेत आणून सोडतो आणि त्याचं काम तिथे संपतं.

पिशवीत काय

पेन्सिल, एक नव्हे दोन. डब्यातली पेन्सिल हमखास मोडलेली असते, आणि दमट कागदावर पेन चालत नाही. पाणी, टोपी, थोडा खाऊ, पूर्ण बाह्यांचे कपडे, बंद बूट. एक लांब काठी, कारण कुठल्याही भोकात, कपारीत किंवा दगडांखाली हात आधी घालायचा नाही. आधी नजर, मग काठी, मग हात. साप, विंचू आणि गांधीलमाश्यांनाही डब्यासाठी निवडतात तसल्याच जागा आवडतात. छोटी विजेरी, एक चिमटा (लहान डबीतली कागदाची सुरळी बोटांनी निघत नाही), पॉवर बँक आणि कचऱ्यासाठी एक रिकामी पिशवी. नकाशा आणि नोंद आधीच फोनवर उतरवून घ्या, कारण रेंज नेमकी हवी तिथे नसते.

देवाणघेवाणीसाठी चारसहा चिल्लर वस्तू घ्या: गोट्या, बिल्ले, छोटी खेळणी, परदेशी नाणी. खायचे पदार्थ कधीच नाहीत. वासाने जनावरं डबा फोडतात. काडेपेटी, चाकू, औषधं हेही नको, कारण पुढचा डबा उघडणारा हात पाच वर्षांच्या मुलाचा असू शकतो.

कामं वाटून घ्या

माझी पहिल्या दिवशीची चूक इथली. फोन एकाच्या हाती राहिला की बाकीचे फरफटत येतात. आता आम्ही दर डब्याला कामं बदलतो. एकजण बाण धरतो आणि बाकीच्यांना फक्त तोंडी सांगतो: "साठ मीटर, डावीकडे." एकाकडे इशारा असतो, म्हणजे डबा कुठे असेल याचा सूचक धागा. नोंदीत बहुतेकदा सांकेतिक लिपीतला इशारा दिलेला असतो. इंग्रजी वर्णमालेतलं प्रत्येक अक्षर तेरा घरं पुढे सरकवलेलं, 'ए'च्या जागी 'एन' असं. अक्षरं सव्वीस, त्यामुळे पुन्हा तेरा घरं सरकवली की मूळ मजकूर परत. ॲप एका बोटाच्या टेकणीवर उलगडून देतं, पण तसं करू नका. वर्णमाला कागदावर दोन ओळींत लिहून ते काम दहा-बारा वर्षांच्या मुलाकडे सोपवा. सगळे अडतील त्याच वेळी त्याला भाव मिळतो.

एकजण पहारा देतो. या खेळाची माहिती नसलेल्यांना खेळणारे 'मगल' म्हणतात. कुणी बघत असताना डबा काढला तर तो चोरीला जाण्याची किंवा कुणीतरी उगाच घाबरून जाण्याची शक्यता असते. पहारेकऱ्याने "पाऊस येणार वाटतं" असं ठरलेलं वाक्य म्हटलं की सगळ्यांनी बुटाची नाडी बांधायला वाकायचं. आमच्याकडे पहाऱ्यासाठी भांडणं होतात. वयस्क मंडळींना बसायला जागा शोधून द्या आणि त्यांना गप्प बसवू नका. दूर बसलेल्या माणसाला आख्खं चित्र दिसतं, हे आईने मला शिकवलं.

चालण्याची गती सगळ्यात हळू चालणाऱ्याची. एका दिवशी तीन डबे पुरेत. दहाचा बेत आखणारे उत्साही मित्र प्रत्येक गटात असतात, त्यांना वेगळ्या दिवशी वेगळं न्या.

शेवटचे दहा मीटर

तीस मीटरवर वेग कमी करा. फोनमधला होकायंत्र लोखंडाजवळ किंवा नुसत्या लहरीनेही भरकटतो. तसं झालं तर फोन हवेत इंग्रजी आठच्या आकारात दोन-तीनदा फिरवा. पुढे एकाच दिशेने घुसू नका. एका बाजूने सरळ चालत या आणि बाण कुठे रोखलाय ते लक्षात ठेवा. मग वळसा घालून दुसऱ्या बाजूने या. दोन्ही रेषा जिथे छेदतात तिथे एक काठी रोवा. दाट झाडी, उंच इमारती किंवा कडा असेल तर उपग्रहांचा संदेश आदळून फिरून येतो आणि आकडे नाचत राहतात. अशा वेळी फोन मोकळ्यावर मिनिटभर स्थिर धरा, मगच रेषा काढा.

काठी रोवली की फोन खिशात. आता सगळ्यांनी दोन मिनिटं काहीही न हलवता फक्त उभं राहायचं. हे मुलांकडून करून घेणं सगळ्यात अवघड, पण सगळ्यात उपयोगीही हेच. स्वतःला विचारा: मला इथे डबा लपवायचा असता तर कुठे लपवला असता? मग न जुळणाऱ्या गोष्टी शोधा. सगळीकडे शेवाळ आणि एकाच दगडाची बाजू कोरडी. ओळीने ठेवलेल्या काटक्या. झाडाच्या बुंध्याशी सालीचा तुकडा टेकवलेला, पण झाडाची साल वेगळ्याच रंगाची. एकच बोल्ट नवाकोरा. जमिनीवर पाऊलवाट नसताना गवत एका ठिकाणी तुडवलेलं. निसर्ग सरळ रेषा फारशा काढत नाही. पहिल्यांदा हे कळलं की पुढे वाटेत कुठेही चालताना नजर आपोआप थबकू लागते. त्याची सवय सुटत नाही, इतकं मात्र आधीच सांगून ठेवते.

नजर कमरेच्या वरही जाऊ द्या. सगळेजण जमीनच उकरत असतात आणि डबी डोक्याच्या उंचीवरच्या फांदीला टांगलेली असते. मग भाग वाटून घ्या, उंच माणसाने वरचा पट्टा, मुलांनी खालचा. एकाने पाहिलेली जागा दुसऱ्यानेही पाहायची. एकाच्या नजरेतून सुटलेलं दुसऱ्याला दिसतं, असं कितीतरी वेळा झालंय.

काही गोष्टी करायच्या नाहीत. खणायचं नाही, कारण जागेच्या मालकाच्या स्पष्ट परवानगीशिवाय डबे पुरायला नियमांतच मनाई आहे. म्हणजे उकरून शोधण्यात तसाही अर्थ नाही. जुन्या भिंतीचे दगड ओढायचे नाहीत, विजेच्या पेट्यांना हात लावायचा नाही, कुंपण ओलांडायचं नाही. 'आत असेल' असं वाटत असताना वाटेत कुंपण आलं, तर तो डबा कुंपणाच्या या बाजूला आहे किंवा वाट दुसरीकडून आहे. कुणी हटकलं तर फोनवरची नोंद दाखवून सरळ खरं सांगा. बहुतेकदा हटकणाराच शोधायला लागतो.

सापडला तर

पाहिला त्याने ओरडायचं नाही. शांतपणे बाजूला सरून काही तरी ठरलेला शब्द म्हणायचा, म्हणजे बाकीच्यांचा शोध बिघडत नाही. सगळ्यांना दिसला की मगच डबा काढा. कसा ठेवला होता त्याचा एक फोटो आधी काढून ठेवा, परत ठेवताना उपयोगी पडतो. वहीत तारीख आणि नाव लिहा. चार कुटुंबं असतील तर गटाचं एकच नाव चालतं. डब्यातली वस्तू घेतली तर तेवढ्याच मोलाची किंवा त्याहून चांगली ठेवा. मोडकी गाडी ठेवून चेंडू उचलणं हा अन्याय मुलं स्वतःच पकडतात.

डब्यात क्रमांक कोरलेला धातूचा छोटा पट्टा किंवा नाणं सापडलं तर ते भेटवस्तू नव्हे. तो 'ट्रॅव्हल बग' किंवा 'जिओकॉइन' असतो. त्याच्या मालकाने त्याला प्रवासाला पाठवलेलं असतं, कधी एका समुद्रापासून दुसऱ्या समुद्रापर्यंत पोचण्याचं ध्येय देऊन. घेतला तर क्रमांक नोंदवायचा आणि पुढच्या डब्यात सोडायचा. पुढे नेता येणार नसेल तर घ्यायचा नाही. क्रमांकाचा फोटो कुठे टाकू नका, नाहीतर न पाहिलेली माणसंही तो पाहिल्याची नोंद करू लागतात. मुलांना हे सगळ्यात जास्त आवडतं. आपण सोडलेला बग कुठे पोचला ते नकाशावर पाहायचा कार्यक्रम आमच्याकडे दर महिन्याला होतो.

डबा झाकण घट्ट लावून होता तस्साच ठेवा, 'आणखी चांगल्या' जागी नाही. घरी येऊन ॲपवर नोंद करा, आणि 'सापडला, आभार' एवढ्यावर संपवू नका. कुणीतरी स्वतःचा वेळ घालवून तो डबा सांभाळत असतं. त्याच्यासाठी दोन ओळी लिहा. जागा उघड होईल असा फोटो तेवढा टाळा.

नाही सापडला तर

आधीच वेळ ठरवा. आमच्याकडे वीस मिनिटं, त्यापुढे मुलं आणि मोठी माणसं दोघंही चिडतात. मग इशारा उलगडायचा, आणखी दहा मिनिटं, आणि निघायचं. 'सापडला नाही' अशी नोंद करायला लाजू नका. अशा दोन-तीन नोंदी पाहूनच ठेवणाऱ्याला कळतं की डबा गायब झालाय. कित्येक नवखे ही नोंद करत नाहीत आणि पुढचे तिथे जाऊन तेच पुन्हा भोगतात.

परतीच्या वाटेवर ती रिकामी पिशवी भरून आणा. डबा ठेवा, कचरा उचला अशा अर्थाचा एक उपक्रमही या छंदात चालतो, त्यात ठरवून सगळे मिळून परिसर साफ करतात. न सापडलेल्या दिवशी निदान पिशवी तरी भरलेली असते.

जवळपास डबेच नसतील तर

मग आपणच लपवायचा, आणि तोही आधी फक्त आपल्या माणसांपुरता. मला तर हाच प्रकार सगळ्यात जास्त मजेदार वाटतो. घट्ट झाकणाचा डबा घ्या, आत वही, पेन्सिल आणि 'हा एक खेळ आहे, कृपया हलवू नका' अशी चिठ्ठी ठेवा. बाहेरूनही नाव लिहा, कारण बिननावाचा बंद डबा पाहून कुणीही घाबरेल. जागेच्या मालकाची परवानगी घ्या. मग त्या जागी फोन ठेवून दोन-तीन मिनिटांनी आकडे लिहा, दुसऱ्या दिवशी पुन्हा जाऊन लिहा, आणि चार-पाच मोजण्यांची सरासरी घ्या. एका मोजणीवर विसंबलात तर मित्र पूर्ण दुपार भलत्याच झुडपात घालवतील. ते आकडे निरोपातून मित्रांना पाठवा. मुलांसाठी तीन टप्पे करा, पहिल्या डब्यात दुसऱ्याचे अर्धे आकडे, उरलेले अर्धे एखाद्या बाकावर किंवा फलकावर मोजायला लागतील असे.

जाहीर यादीत डबा टाकायचा असेल तर नियम कडक आहेत. आधी निदान वीसेक डबे स्वतः शोधून झालेले बरे, तेव्हा चांगली जागा आणि वाईट जागा यांतला फरक कळतो. दुसऱ्या कुणाच्या डब्यापासून अंतर किमान १६१ मीटर हवं. परवानगी हवी. नोंद प्रसिद्ध होण्याआधी एक स्वयंसेवक ती तपासतो. आणि डबा वारंवार जाता येईल अशाच जागी ठेवा, सुट्टीत गेलेल्या लांबच्या ठिकाणी नाही. पावसाने वही भिजली, झाकण तडकलं, डबा नाहीसा झाला, अशी नोंद आली की तुम्हाला काही दिवसांत तिथे पोचावं लागतं. जाताना नवी वही, नवी पेन्सिल आणि एक जादा डबा बरोबर ठेवा. मुलांनाही न्या, कारण वहीत कुणाकुणाची नावं आलीत ते बसून वाचण्यात तिथे अर्धा तास सहज जातो.